टरफले कोणी उचलायची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अलीकडे वर्तमानपत्रांतून एकाच धाटणीच्या बातम्या वारंवार वाचनात येतात. कधी संत्र्याची साल असते, कधी भाताचे तूस, कधी भुईमुगाच्या शेंगांची टरफले. कुठल्या तरी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्यांची पूड करून दूषित पाण्यातले शिसे किंवा क्रोमियम नव्वद टक्क्यांहून अधिक काढून दाखवलेले असते आणि आता शेतातल्या कचऱ्याने नद्या स्वच्छ होणार, असा बातमीचा शेवट असतो. विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावेच, त्याबद्दल तक्रार नाही. मी स्वतः एका तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि निवृत्तीपूर्वीची दहा-बारा वर्षे नेमके हेच प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेत होतो. त्यामुळे या बातम्यांत जे लिहिलेले असते ते बहुतेक खरे असते, हे मी खात्रीने सांगू शकतो. माझे म्हणणे आहे ते त्यांत जे लिहिलेले नसते त्याविषयी.

मुळातले रसायनशास्त्र आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. कच्चे केळे किंवा केळफूल लोखंडी विळीवर चिरताना पाते आणि बोटे काळी पडतात, कारण चिकातील टॅनिन नावाची द्रव्ये पात्यावरच्या लोहाला धरून ठेवतात. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) एकत्र करून काळी शाई किंवा कापडाचा काळा रंग करण्याची जुनी रीत याच गुणावर चालत असे. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असते, फळांच्या सालीत त्याशिवाय पेक्टिन असते, आणि या सगळ्यांच्या अंगावर कार्बोक्झिल, हायड्रॉक्सिल, फिनॉल असे रासायनिक गट असतात. त्यांतल्या बऱ्याच जागा कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांनी किंवा हायड्रोजनने अडवलेल्या असतात; पाण्यातून शिसे, तांबे किंवा कॅडमियम आले की हे जुने भाडेकरू उठतात आणि नवे येऊन बसतात. घरातल्या वॉटर सॉफ्टनरमध्ये जे घडते त्याच जातीची ही अदलाबदल आहे. तिला काही अंशी घट्ट रासायनिक बंधांची जोड मिळते आणि हे सारे मिळून ज्याला आपण जैव अधिशोषण म्हणतो ते होते. कोल्हापुरी चपलेचे कातडे ज्या बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, त्या बाभळीच्या सालीवरही असे प्रयोग झालेले आहेत. (जाता जाता सांगायचे तर, सालीने कातडे कमावण्याच्या या पद्धतीत क्रोमियम लागतच नाही, कानपूरच्या जाजमऊत क्रोमने कातडे कमावणाऱ्या कारखान्यांनी जे प्रश्न उभे केले, ते या पद्धतीत निर्माणच होत नाहीत.)

म्हणजे गुण आहे. तो किती आणि कुठल्या परिस्थितीत, इथून बातमी आणि वस्तुस्थिती यांच्या वाटा फुटतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट हा क्रोमियमचा क्षार मोजून विरघळवत असू, त्यात टरफलांची पूड टाकून दोन तास ढवळत असू आणि गाळून उरलेले क्रोमियम मोजत असू. त्या पाण्यात दुसरे काहीच नसे. प्रत्यक्षातल्या सांडपाण्यात मात्र कॅल्शियम असते, सोडियम असते, तेलकटपणा आणि साबण असतो, काही वेळा सायनाइड किंवा अमोनिया धातूला आधीच आपल्या कवेत घेऊन बसलेले असतात, आणि अशा बांधल्या गेलेल्या धातूला टरफलाची ओढ फारशी लागत नाही. सामूचा (पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्या मापाचा) प्रश्न त्याहून मोठा आहे. शिसे, तांबे, निकेल, जस्त हे धनभारित धातू सामू पाच-सहाच्या आसपास असताना चांगले धरले जातात. हेक्झाव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचे, क्रोमियम पाण्यात ऋणभारित रूपात वावरते आणि ते काढायला पाणी सामू दोनपर्यंत आम्ल करावे लागते. तसे केल्यावर टरफलातील सेंद्रिय द्रव्ये त्या क्रोमियमचे रूप बदलून ते तीन संयुजेचे करतात, आणि त्यातले काही पुन्हा पाण्यातच राहते.

इथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्याकडे डायफेनिलकार्बाझाइड घालून येणारा जांभळट रंग मोजण्याची सोय होती, आणि हा रंग फक्त सहा संयुजेच्या क्रोमियमला येतो. रंग गेला की आम्ही क्रोमियम गेले असे लिहीत असू. पुढे एका वर्षी काही नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून एकूण क्रोमियम मोजून घेतले, तेव्हा कळले की सहा गेला होता, पण तीनचा बराचसा भाग पाण्यातच होता. तीन संयुजेचे क्रोमियम सहाच्या मानाने फारच कमी विषारी असते, हे खरे. सहा संयुजेचे क्रोमियम माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. पण 'क्रोमियम नव्वद टक्के काढले' हे आमचे विधान त्यामुळे खरे ठरत नाही.

नव्वद टक्के हा आकडाही जरा तपासून पाहावा. समजा, पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आहे आणि आपण नव्वद टक्के काढले. उरले ५ मिलिग्रॅम. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे बातमीत शाबासकी मिळवणारे पाणी कायद्याच्या मर्यादेपेक्षा ५० पट वाईट असू शकते, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तर एकूण क्रोमियमच ०.०५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. टक्केवारीवर खूश होण्याऐवजी किती उरले ते विचारायला हवे, ही गोष्ट मला शिकवायला एक विद्यार्थीच यावा लागला.

हा माझा जुना विद्यार्थी भोसरीच्या बाजूला प्लेटिंगचे, म्हणजे धातूचा मुलामा देण्याचे, लहानसे दुकान चालवतो. त्याच्याकडे गाड्यांचे नटबोल्ट, ब्रॅकेट, कुलपांचे भाग येतात; ते आधी डिग्रीसिंगमधून (तेलकटपणा काढण्याच्या टाकीतून), मग पिकलिंगच्या (गंज काढण्याच्या) आम्लातून, मग जस्ताच्या किंवा निकेल-क्रोमच्या टाकीतून जातात आणि प्रत्येक टाकीनंतर पाण्यात धुतले जातात. क्रोमच्या टाकीत लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते, आणि काम, म्हणजे मुलामा दिलेले भाग, बाहेर काढताना त्याच्या अंगाला चिकटून जे द्रावण धुण्याच्या पाण्यात जाते, त्याला ही मंडळी ड्रॅग-आउट म्हणतात. सगळ्या प्रदूषणाचे मूळ या ड्रॅग-आउटमध्ये आहे. निवृत्तीनंतर चिंचवडला राहायला आल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्याला आमचे निबंध दाखवले आणि त्याच्या दुकानात टरफलांचा एक गाळणस्तंभ बसवू या, असे सुचवले. त्याने निबंध नीट वाचला, आणि मग पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्यासमोर हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण हा हिशेब मी कुठल्याही बातमीत अजून पाहिलेला नाही.

दिवसाला धुण्याचे पाणी पाच हजार लिटर धरा, त्यात क्रोमियम लिटरला ५० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला २५० ग्रॅम क्रोमियम. एक ग्रॅम टरफल प्रत्यक्षातल्या पाण्यात १० मिलिग्रॅम धातू धरेल असे मानले, आणि हा अंदाज उदारच आहे, तर रोज २५ किलो टरफले लागतील, महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत सव्वासहाशे किलो. टरफल हलके असते. ही पोती ठेवायला त्याच्या दुकानाइतकीच दुसरी जागा हवी. वापरलेली टरफले ओली होऊन वजनाने वाढलेली, आम्लाने थबथबलेली आणि क्रोमियमने भरलेली असणार. आता तो सध्या जे करतो ते पाहा. पाणी आम्ल करून त्यात सोडियम बायसल्फाइट घालायचे, म्हणजे सहाचे तीन होते. मग चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून सामू साडेआठपर्यंत न्यायचा, म्हणजे क्रोमियमचा हायड्रॉक्साइड खाली बसतो. त्या २५० ग्रॅम क्रोमियमचा कोरडा हायड्रॉक्साइड भरतो साधारण अर्धा किलो. बायसल्फाइटऐवजी हिराकस वापरला तर लोहाचा साका मिळून दोन किलोच्या आसपास. चुन्याचा गाळ आणि त्यात धरून राहिलेले पाणी जमेला धरले तरी हे वजन टरफलांच्या डोंगरापुढे थोडेच राहते. "सर, पेपर छान आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही माझा गाळ कमी करताय की वाढवताय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मात्र त्याच्या हिशेबातूनच मला पुढे या पद्धतीची खरी जागा दिसली, तिच्याकडे मी येतोच. त्याआधी कच्च्या मालाबद्दल लिहितो, कारण 'टाकाऊ' हा शब्द आपण फार सहज वापरतो.

शेतातला कचरा फुकट असतो, हा शहरातल्या माणसाचा समज आहे. उसाचे चिपाड आज साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाते आणि त्यावर सहवीजनिर्मिती चालते. त्याला भाव आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमधले तूस जळण म्हणून विकले जाते. शेंगांच्या टरफलांच्या कांड्या करून 'पांढरा कोळसा' म्हणून कारखान्यांना पुरवल्या जातात, तुराट्या शेतकऱ्याच्या घरी चुलीत किंवा कुडाला लागतात, सोयाबीनचे कुटार जनावरांपुढे जाते, काजूच्या टरफलांतून तेल काढतात, चिंचोक्याची खळ होते. नागपूरच्या संत्र्याचेच घ्या: ते बहुतांश घराघरांत सोलून खाल्ले जाते, त्यामुळे त्याची साल ट्रकभर एका ठिकाणी सापडणे कठीण, ज्या देशांत संत्र्याचा रस काढण्याचे मोठे कारखाने आहेत तिथल्या निबंधांतली गणिते आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. खरोखर पडून राहणारा किंवा शेतातच जाळला जाणारा माल म्हणजे उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, नाशिककडे वाइनसाठी द्राक्षे चिरडल्यावर उरणारा चोथा, कांद्याच्या चाळींतली पापुद्र्यासारखी साल. यांतला चोथा आणि कांद्याची साल फिनॉलच्या जातीच्या द्रव्यांनी समृद्ध असतात, म्हणून माझ्या मते आपल्याकडच्या प्रयोगांचा भर तिथे असायला हवा होता. पऱ्हाट्यांचे तर दुहेरी काम होईल, कारण हंगामानंतर त्या शेतात उभ्या ठेवल्या की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो आणि शेतकऱ्याने त्या वेळेवर काढाव्यात असा सल्ला कृषी खाते देत असते. मुंबईच्या माटुंग्याला १९२४ सालापासून असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांच्या पार्टिकल बोर्डावर पूर्वीच काम केलेले आहे; गोळा करणे, तुकडे करणे, साठवणे ही त्यातली रूक्ष पण महत्त्वाची माहिती तिथे मिळू शकते.

माल एकसारखा नसणे ही आणखी एक अडचण. एका गावच्या टरफलांत आणि दुसऱ्या गावच्या टरफलांत, एका वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या मालात फरक पडतो. कच्ची पूड पाण्यात टाकली की तिचा तपकिरी रंग उतरतो, आणि सांडपाण्याचा सीओडी (त्यातल्या सेंद्रिय द्रव्यांना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) वाढून धातूची मर्यादा पाळताना दुसरीच मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पूड आधी सौम्य कॉस्टिकने धुवावी लागते, किंवा सायट्रिक आम्लासोबत तापवून तिच्यावर जादा कार्बोक्झिल गट बसवावे लागतात. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण दोन्हींना खर्च येतो, आणि त्यातून पुन्हा धुण्याचे पाणी निघते. उत्तर अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत 'अल्गासॉर्ब', 'बायो-फिक्स' अशा नावांनी शेवाळ, पीट मॉस वगैरेंपासून केलेले धातू धरणारे माल पुढे आले होते. ते बाजारात रुजले नाहीत. याच कामासाठी मिळणाऱ्या आयन एक्स्चेंज रेझिनचा, म्हणजे धातू धरणाऱ्या कृत्रिम राळेचा, प्रत्येक दाणा सारखा असतो आणि तो आम्लाने धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो. कारखानदाराला स्वस्ताईपेक्षा भरवसा हवा असतो, आणि त्यात चूक काहीच नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. लहानपणी आपण सर्वांनी लोकमान्यांची गोष्ट ऐकली आहे: मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. आमच्या विषयात ही गोष्ट उलटी झाली आहे. शेंगा आम्ही खाल्ल्या, निबंध आम्ही लिहिले, पदव्या आमच्या विद्यार्थ्यांना मिळाल्या, आणि धातूने भरलेली टरफले उचलायची वेळ आली तेव्हा वर्गात कोणीच नव्हते. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात एक वाक्य ठरलेले असे: वापरलेला पदार्थ जाळून त्याची विल्हेवाट लावता येईल. मीही ते वाक्य कित्येकदा तपासून पुढे पाठवले आहे. एका वर्षी सुट्टीत प्रयोगशाळा आवरताना वापरलेल्या पुडीची दोन पोती दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा समजले की आमच्याच एका कर्मचाऱ्याने ती चांगले वाळलेले जळण म्हणून घरी नेली आणि आंघोळीच्या बंबात घातली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पोत्यावर आम्ही काहीही लिहिलेले नव्हते. त्या दिवशी मला जो घाम फुटला तो आजही आठवतो.

घाम फुटण्याचे कारण असे की धातू जळत नाही. कॅडमियम आणि शिसे उष्णतेने बाष्प होऊन धुरात जातात. क्रोमियम राखेत राहते, आणि राखेत चुना किंवा इतर क्षार असले तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तीन संयुजेचे क्रोमियम पुन्हा सहा संयुजेचे होऊ शकते. म्हणजे पाण्यातून मोठ्या कष्टाने काढलेले विष आपण आधी सौम्य करतो आणि मग बंबात घालून पुन्हा जहाल करतो. अशी राख परसातल्या अळूच्या बुडाशी किंवा उकिरड्यावर गेली, किंवा धातू धरलेली टरफले कोणी सेंद्रिय खत म्हणून शेतात टाकली, की पाण्यातला प्रश्न ताटात आला. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून कॅडमियम माणसांच्या हाडांत गेले, त्या रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', असे पडले आणि १९६८ साली तेथील सरकारने तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला. धातू कुजत नाही, विरत नाही; तो फक्त जागा बदलतो. म्हणून वापरलेले टरफल हे शेतमालाचे अवशेष राहत नाही. घातक कचऱ्यासाठीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद ठेवून, बंद पिशव्यांतून, तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या विल्हेवाट केंद्राकडे ते पाठवायला हवे, आणि तिथे वजनावर पैसे मोजावे लागतात. प्रयोगशाळेतला 'स्वस्त' हा शब्द या पावतीपाशी येऊन थांबतो.

इतके सगळे लिहिल्यावर ही पद्धत निरुपयोगी आहे असे माझे मत असेल, असा वाचकांचा ग्रह होऊ शकेल. तसे नाही. आम्ही तिला चुकीच्या जागी उभे केले, एवढेच. दाट सांडपाण्याला टरफल पुरे पडत नाही, हे वरच्या हिशेबाने दाखवलेच. पण चुन्याने साका बसवल्यानंतर जे पाणी उरते त्यात प्रत्येक धातू सारखा खाली बसलेला नसतो. क्रोमियमला सामू साडेआठच्या आसपास मानवतो, तर निकेलला तो दहाच्या वर लागतो. दोन्ही धातू एकाच टाकीत असले की क्रोमियमच्या सोयीने सामू ठेवला जातो आणि निकेल थोडे मागे राहते. लिटरला ३ मिलिग्रॅम निकेलपर्यंत ते कायद्यात बसते. पण पिण्याच्या पाण्याचे मानक ०.०२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे दोहोंत दीडशे पटींचे अंतर. आणि पवना-इंद्रायणीत गेलेले पाणी शेवटी भीमेतून उजनीला जाते, त्यातला धातू वाटेत गाळात बसत राहतो. हे उरलेले निकेल, तांबे, जस्त धरण्यासाठी सामू किंचित खाली आणून पाणी टरफलांच्या स्तंभातून सोडणे, हे या पद्धतीचे खरे काम. पाच हजार लिटरमध्ये लिटरला दोन मिलिग्रॅम निकेल उरले असेल तर ते दिवसाला जेमतेम दहा ग्रॅम भरते. इतक्या पातळ पाण्यात टरफलाची पकड कमी होते, म्हणून ग्रॅमला दोनच मिलिग्रॅम धरले तरी पाच किलो टरफले पुरतात, आणि सौम्य आम्लाने धुऊन ती चार-पाच वेळा वापरता आली तर महिन्याला बाहेर जाणारा माल तीस किलोच्या आसपास राहतो. धुतलेले आम्ल, ज्यात आता सगळे निकेल थोड्या पाण्यात गोळा झालेले असते, ते पुन्हा साका बसवण्याच्या टाकीत जाते. तीस किलोची पिशवी पाठवणे लहान दुकानदारालाही परवडू शकते. सव्वासहाशे किलोची नाही.

शिवाय आधी ड्रॅग-आउट कमी करावे, हे सांगायला कोणताही शोधनिबंध लागत नाही. काम टाकीवरच दहा-पंधरा सेकंद ठिबकू दिले, एकाच टाकीत धुण्याऐवजी पाणी कामाच्या उलट दिशेने वाहते अशा दोन-तीन टाक्यांत धुतले, तर पाणी आणि रसायन दोन्ही वाचते. युरोपीय संघाने २००० साली वाहनांसंबंधी जो निर्देश काढला त्यामुळे निर्यातीचे काम करणाऱ्या अनेक दुकानांत पॅसिव्हेशनसाठी (मुलाम्यावर संरक्षक थर चढवण्यासाठी) सहाऐवजी तीन संयुजेचे क्रोमियम आले. एका खरेदीदाराच्या अटीने जे झाले ते आमच्या सगळ्या निबंधांनी मिळून झाले नव्हते, हे मी थोड्या संकोचाने पण प्रामाणिकपणे लिहितो.

आणखी एक गोष्ट या बातम्यांच्या वाचकांसाठी. संत्र्याची साल किंवा तूस घालून घरी गाळणी करावी, असे कोणी सुचवले तर कृपया करू नये. निवळीच्या बियांनी गढूळ पाणी निवळते हे आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे, पण गढूळपणा डोळ्यांना दिसतो. मर्यादेच्या वीस पट शिसे असलेले पाणीही आरशासारखे नितळ असते, त्यामुळे घरच्या गाळणीने काम केले की नाही हे कळण्याचा मार्गच नसतो. ओली साल चार दिवसांत कुजते आणि पाण्यात जंतू वाढतात. टाटांनी २००९ साली 'स्वच्छ' नावाची गाळणी बाजारात आणली तिच्यात भाताच्या तुसाचा उपयोग होता, असे उदाहरण हमखास दिले जाते. पण तिच्यात तूस नव्हते, तुसाची राख होती, तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण होते, आणि ती होती जंतूंसाठी. धातूंसाठी नव्हती.

माझी विनंती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ आणि आपली कृषी विद्यापीठे यांना आहे. टरफलांच्या धातू धरण्याच्या क्षमतेवर नव्या प्रबंधांची आता गरज नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी एका विद्यापीठाने एकच माल निवडावा, पऱ्हाटी म्हणा किंवा द्राक्षाचा चोथा, तो दर वेळी एकसारखा कसा तयार करायचा याची कृती बसवावी, आणि एका सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात वर्षभर, पावसाळ्यासकट, खऱ्या पाण्यावर तो चालवून पाहावा. नागपूरला 'नीरी'सारखी १९५८ पासूनची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. एकूण धातू मोजण्याची सोय तिथे आहे, आमच्यासारखी जांभळ्या रंगावर भिस्त ठेवावी लागणार नाही. प्रयोग फसला तर तसे जाहीर करावे. विद्यापीठांनीही एक नियम करावा, की अशा विषयावरच्या प्रबंधासोबत वापरलेला पदार्थ कुठे पाठवला त्याची पावती जोडलेली असल्याशिवाय तो स्वीकारू नये. आणि आपल्या वार्ताहरांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पुढच्या वेळी अशी बातमी आणताना काढलेल्या धातूची टक्केवारी लिहिण्याआधी विद्यार्थ्यांना ती पूड आता कुठे आहे हे विचारावे.

भोसरीच्या त्या दुकानदाराने मागच्या बाजूला दोन पिंपांची जागा रिकामी करून ठेवली आहे. पहिले काही महिने टरफले मी माझ्या खर्चाने आणीन असे त्याला सांगितले आहे. अडले आहे ते कागदापाशी: प्रक्रियेत बदल म्हणजे मंडळाच्या संमतिपत्रात बदल, आणि प्रयोगातून निघणाऱ्या पिशवीची नोंद घातक कचऱ्याच्या नेमक्या कोणत्या वर्गात करायची हे आम्हाला अजून कोणी लेखी सांगितलेले नाही. ते कळले की पिंपे भरू.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
चिंचवड, पुणे